साडेचार बाय सात

आधी रिकामा सिलिंडर बाहेर आला,
मग मखराचं थर्माकोल, तीन पायांचं स्टूल,
मग एकात एक घातलेल्या सहा कुंड्या,
ज्यांत कधीच काही लावलं नव्हतं.
कन्नमवार नगर, तिसरा मजला.
आमची गॅलरी पहिल्यांदाच
स्वतःच्या मापाची दिसली.
सिलिंडरखालचं गंजाचं कडं तेवढं फरशीवर राहिलं,
अॅसिडनेही गेलं नाही.

रंगवाले शामजीभाई म्हणाले, पिस्ता घ्या, डोळ्यांना थंड.
मी म्हटलं, पांढरा.
"मळतो, भाभी."
मळू दे.
पिवळ्या भिंतीशी मोती पिवळा दिसतो,
पिस्त्याशी आजारी.
गेल्या मार्गशीर्षात चिपळूणच्या एका नवरीने
नथ कुरिअरने परत पाठवली.
आत चिठ्ठी होती:
ताई, राग नसावा, पण फोटोतला मोती हा नव्हे.
तोच होता.
दिवा खोटं बोलला होता.

म्हणून लोहार चाळीतून नवी ट्यूब आणली,
भर दुपारसारखी.
तिच्याखाली मोती खरा दिसतो,
आणि माझे हातसुद्धा. असो.

भिंतीवर भोकाभोकांचा पत्रा ठोकला:
पकड, चिमटा, तार कापायची कात्री.
मैथिलीने प्रत्येकामागे पेन्सिलीने त्याची आकृती काढली.
म्हणाली, आता हरवलं तर
काय हरवलंय ते तरी कळेल.

राहिलं टेबल.
सुताराने सनमायकासकट सांगितले पाच हजार दोनशे,
म्हणजे कारवारी सव्वीस नथी,
तारेचा खर्च सोडून.
शिवाय गॅलरीला मोरीकडे उतार.
आजवर किती मोती त्या जाळीतून
विक्रोळीच्या खाडीला गेले असतील,
माशांनीच मोजावेत.

उल्हास दोन दिवस काही बोलला नाही.
तिसऱ्या दिवशी कपाटामागून
कॅरम ओढून काढला.
कारखाना बंद झाल्यापासून तो भिंतीला तोंड करून उभा होता
(कॅरम. उल्हाससुद्धा, पण थोडे दिवस).
जुन्या बनियनने पुसला, दोन घोड्यांवर आडवा ठेवला,
आणि म्हणाला,
"याला काठ आहेत."

एवढंच.
मी चार भोकांखाली मैथिलीच्या शाळेच्या मोज्यांच्या
पिशव्या शिवल्या.
एकीत बारीक मोती, एकीत टपोरे,
एकीत हिरवे खडे, चौथीत लाल.
दोन रेघांमध्ये तारेचे तुकडे रांगेत.
अजून कधी कधी हात
रेघेला लागला की उगाच मागे घेते,
फाऊल होईल म्हणून.

काल रात्री अकरा.
बारा नगांची ऑर्डर, बारावी हातात,
तिचा लाल खडा मधल्या वर्तुळात.
उल्हास दोन कप घेऊन आला,
उभ्याउभ्याच म्हणाला,
"पावडर अजून आहे गं लाकडात."
आहे. मोती जरा जास्तच पळतात.
त्याने कप ठेवले, बोट वाकवलं,
मी "अरे" म्हणेस्तोवर
खडा काठाला लागून, परत फिरून
डाव्या कोपऱ्यातल्या मोज्यात.

माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
"आता कव्हर," म्हणाला,
"नाहीतर राणी परत ठेवावी लागते."
मी एक टपोरा मोती पुढे सरकवला.

हा मात्र चुकला.
काठावरून उडाला, नव्या भिंतीवर टिचला,
आणि टपटपत उताराला लागला.
दोघंही गुडघ्यांवर,
मोबाइलचा उजेड फरशीशी आडवा धरून.
त्याचे गुडघे वाजले की माझे, कळलं नाही.

सिलिंडरच्या गंजाच्या कड्यात,
अगदी मधोमध नाही, जरा डावीकडे,
मोती थांबला होता.

"उचलू?"
"थांब," मी म्हटलं.
तिथेच बसून आधी चहा घेतला.